सदर वाहनात आवाज आढळून आला नाही

फिरत्या पशुसेवा पथक क्रमांक चारच्या गाडीचा बेल्ट रोज सकाळी सात वाजता ओरडत असे. तोही असा तारस्वरात, की कर्जत तालुक्याच्या त्या टोकाला गोठ्यातल्या म्हशी डॉक्टर दिसायच्या आधीच इंजेक्शनच्या धास्तीने दावं ओढायला लागत आणि धारेला बसलेल्या बाया बादली सावरत उठत.

गाडीचा ड्रायव्हर बिभीषण. बावीस वर्षं सरकारी गाड्या चालवून त्याला इंजिनाची भाषा कळायला लागली होती. सरकारची मात्र अजून कळत नव्हती. एका सकाळी त्याने बोनेट उघडलं आणि चालू इंजिनाच्या बेल्टवर बाटलीतून थोडं पाणी शिंपडलं. बेल्ट दुप्पट किंचाळला.

"बघा मॅडम," तो म्हणाला, "पानी टाकल्यावर घडीभर गप झाला आसता, तर पुली वाकडी म्हनली आसती. ह्यो वाढला. म्हंजी बेल्ट ढिला पडून घसरतोय. त्येला ताणून धरनारा टेन्शनर दमलाय. दोन्ही बदलायचं. अजिनाथच्या गॅरेजात तासाभराचं काम हाय."

डॉ. नीलांबरी पथकात रुजू होऊन चारच महिने झाले होते, त्यामुळे ती अजून आशावादी होती. "मग आजच करून टाकू की!"

बिभीषणने तिच्याकडे मायेने पाहिलं. नुकतं उभं राहायला शिकलेल्या वासराकडे बघावं तसं.

अर्ज नगरला वाहन कक्षात गेला. कक्षाचे प्रमुख सुहास साहेब कामाला अत्यंत चोख होते. त्यांनी अर्ज तीन दिवसांत परत पाठवला. 'ओरडतो' हा शब्द तांत्रिक नसून वाहन 'ध्वनी उत्सर्जित करते' असे लिहावे, अशी सूचना होती. शिवाय एक कारणे दाखवा नोटीस होती. सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय शासकीय इंजिनावर पाणी का शिंपडले, याचा खुलासा बिभीषणने सात दिवसांत करायचा होता.

त्याने खुलासा केला: "तहान लागली नव्हती, निदान करायचे होते."

खुलासा उद्धट ठरला, पण तपासणीची तारीख मिळाली. गाडी पंचाहत्तर किलोमीटर चालून दुपारी बाराला नगरला पोचली. इंजिन तापलेलं, ऊन कडक. सुहास साहेबांनी बोनेटजवळ कान नेला. बेल्ट गुणी मुलासारखा गप्प.

"कुठाय आवाज?"

"साहेब, त्यो सकाळी सातला येतो. इंजिन गार आसतं, हवेत दव आसतं तवा."

"तपासणीची वेळ अकरा ते पाच आहे. आवाजाला कार्यालयीन वेळेत यायला काय अडचण आहे?"

"साहेब, बेल्टला टेन्शन न्हाई, म्हनून हुतंय."

"इथं सगळ्यांना टेन्शन आहे बिभीषण, बेल्टला एकट्याला सूट कशी मिळाली?"

अहवालात लिहिलं गेलं, 'सदर वाहनात आवाज आढळून आला नाही.' मग चालकाला ऐकू येतं ते काय, असा तर्कशुद्ध प्रश्न उरला आणि बिभीषणला कानतपासणीसाठी पाठवण्यात आलं. कान खणखणीत निघाले. त्यावर साहेबांनी शेरा मारला: 'चालकाची श्रवणशक्ती प्रमाणापेक्षा उत्तम असून, कार्यालयास ऐकू न येणारे ध्वनी त्यास ऐकू येतात. सबब त्याचे ऐकणे ग्राह्य धरता येत नाही.'

नीलांबरीने चिडून सकाळी सातला मोबाईलवर आवाज टिपला आणि पाठवून दिला. दुपारी उत्तर आलं: 'आवाजावर वाहन क्रमांक दिसत नाही.'

पुढच्या आठवड्यात पहाट फुटताना रतनबाईंचा फोन आला. त्यांची गाय अडली होती. तासभर झाला तरी वासराचा एकच पाय बाहेर. बिभीषणने नीलांबरीला घेऊन गाडी सुसाट सोडली. वाटेत बेल्ट एकदा जिवाच्या आकांताने ओरडला आणि तुटला. बॅटरीचा लाल दिवा लागला, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, तापमानाचा काटा चढू लागला. गाव चार किलोमीटरवर असताना गाडी बाभळीखाली उभी राहिली.

बिभीषणने फोन लावला. "रतनमावशी, गाडी गेली. काय तरी करा."

साठीच्या रतनबाई पदर खोचून स्वतः स्कूटी घेऊन आल्या. "बसा बाई, घट धरा. गाडीचं बगंल ह्यो."

धुरळा उडवत दोघी दिसेनाशा झाल्या. बिभीषण बोनेटला टेकून उभा राहिला. त्या आवाजाला त्याने चार महिने शिव्या घातल्या होत्या. आता ही शांतता त्याला सोसवेना. तीन अर्ज, एक खुलासा, दोन कान, सगळं दिलं होतं त्याने. तासाभराचं काम, आणि तिकडे एक मुका जीव खोळंबलेला.

पाऊण तासाने फोन वाजला. नीलांबरी धापा टाकत होती, पण हसत होती. वासराचा दुमडलेला पाय सरळ करून तिने ते ओढून काढलं होतं. गाय उभी राहिली होती, वासराला चाटत होती. बिभीषणने डोळे पुसले आणि बाभळीला सांगितलं, की धुरळा गेला.

त्याच दिवशी त्याने वाहन कक्षाला कळवलं, की बेल्ट तुटला. सुहास साहेबांचा आवाज प्रसन्न होता. "म्हणजे आता आवाज येत नाही?"

"न्हाई साहेब. गाडीच चालत न्हाई."

"तुमची तक्रार आवाजाची होती. ती निकाली निघाली. गाडी चालत नाही ही वेगळी तक्रार. त्यासाठी गाडी नगरला चालवत आणा, तपासू."

बिभीषणने फोन ठेवला आणि अजिनाथला बोलावलं. अजिनाथने बाभळीखालीच नवा बेल्ट, नवा टेन्शनर बसवला. एक तास लागला, त्यातली दहा मिनिटं चहाला. रीतसर मंजुरीशिवाय दुरुस्ती हा गुन्हा असल्याने कागदोपत्री गाडी आपली आपणच बरी झाली. महिनाअखेरच्या बैठकीत सुहास साहेबांचा सत्कार झाला: वाहन कक्षाच्या सातत्यपूर्ण पाठपुराव्यामुळे एक जुनी तक्रार विनाखर्च निकाली. नीलांबरीने टाळ्या वाजवल्या. आता तिला नोकरीत सहा महिने झाले होते.

त्या संध्याकाळी बिभीषणच्या मोबाईलवर संदेश आला: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. समाधानी असल्यास १ दाबा. नसल्यास २ दाबा.'

त्याचा अंगठा दोनवर गेला. मग त्याला आठवलं, की दोन दाबलं तर तक्रार पुन्हा उघडेल, तपासणी लागेल, नवा बेल्ट कुठून आला हे विचारलं जाईल आणि गाडी आठवडाभर नगरला उभी राहील. गावात तर दोन गाई दिवसांवर आलेल्या. त्याने एक दाबलं. लगेच उत्तर आलं, 'धन्यवाद. आतापर्यंत शंभर टक्के नागरिक समाधानी आहेत.'

तुम्ही हसताय. पण त्या शंभर टक्क्यांत बिभीषण एकटा कसा असेल? गेल्या महिन्यात तुमच्याही मोबाईलवर असाच एक संदेश आला होता. खड्डा तसाच होता, किंवा नळ, किंवा खांबावरचा दिवा. तुम्ही काय दाबलंत?