साहेबांच्या गाडीमागून आलेली आज्ञा

दरवर्षी एप्रिल उजाडला की गोंदियाच्या जिल्हा तलाव-बोडी (बोडी म्हणजे लहान तळं) गणना कार्यालयावर एक मोठी जबाबदारी येऊन पडत असे. तालुक्यातालुक्यातल्या संगणकांमध्ये जुनं आर्थिक वर्ष पुसून नवं टाकायचं. काम दोन-चार आकड्यांचं. पण ते करायला रहांगडाले साहेब, वरिष्ठ लिपिक शकुंतलाबाई आणि कंत्राटी संगणकचालक हेमेंद्र टेंभरे असा सगळा लवाजमा जीपमध्ये बसून आठवडाभर जिल्हा पालथा घाली. साहेब गाडीतून उतरत, हेमेंद्र आकडे बदलत असे, शकुंतलाबाई 'झालं' असं लिहून घेत आणि जेवणाची सोय तालुका कार्यालय करी.

२०१२ साली मात्र हेमेंद्रला हा दौरा झेपणारा नव्हता. त्याचं लग्न केशोरीच्या सोनिकाशी ठरलं होतं. साक्षगंधाची, म्हणजे पुण्याकडच्या साखरपुड्याची, एक तारीख आधीच ऑफिसपायी हुकली होती. सोनिकाचे वडील सेवकराम कटरे यांनी फोनवर स्वच्छ सांगून टाकलं, "जवाईबुवा, ह्या खेपेले शनिवार हुकला त आमी दुसरा पोरगा पाहतो."

तेव्हा पठ्ठ्याने डोकं चालवलं. पायथन नावाच्या भाषेत दहा-बारा ओळी लिहिल्या. गोंदियात बसून एक बटण दाबायचं, की देवरीचा, सालेकशाचा, अर्जुनीचा, सगळे संगणक मुकाट्याने आपापलं वर्ष बदलणार. दाबलं बटण. साहेबांचा चहा निवायच्या आत सगळीकडून 'झालं' असं उत्तर आलं.

"साहेब, वर्ष बदललं जी. सगळ्या तालुक्यांत."

"गेलं कोण होतं?"

"कोणीच नाही जी. इथूनच केलं."

साहेबांनी कप खाली ठेवला. नोकरीत त्यांनी पूर पाहिले, चौकशा पाहिल्या, निवडणुकाही पाहिल्या. पण कोणीही कुठे न जाता झालेलं सरकारी काम ते आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

"टेंभरे, कोणी गेलंच नसेल तर काम झालं असं म्हणता येत नाही. फार तर घडलं असं म्हणता येईल."

शकुंतलाबाईंनी गंभीरपणे मान डोलावली. बाहेर जीप पुसत असलेल्या जागेश्वर ड्रायव्हरने खिडकीतून डोकं आत घातलं. "मंग मी कायले आहो गा इथं? गाडीचं का लोणचं घालू?"

प्रश्न रास्त होता. लगेच आदेश निघाला: सर्व संगणकांत जुनं वर्ष होतं तसं परत टाकावं. हेमेंद्रने तेही बसल्या जागेवरून केलं, आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली. मग 'दूरस्थ कार्य प्रत्यक्ष पडताळणी पथक' स्थापन झालं. आज्ञा गोंदियातून सुटेल, आणि पथक तालुक्याला जाऊन ती पोचताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहील. हेमेंद्रला तर आनंदच झाला. फिरू दे त्यांना. आपण शनिवारी केशोरीला. किती भोळं माणूस!

सोमवारी पथक देवरीला निघालं. आमगावावरून देवरी जवळ पडते, पण साहेबांचा दौरा कोहमाऱ्यावरून जातो, कारण ढाबे तिकडे आहेत. ठरल्या वेळी हेमेंद्रने बटण दाबलं. आज्ञा तत्क्षणी देवरीला पोचून वर्ष बदलून मोकळी झाली. पथक तेव्हा कोहमाऱ्याला भज्यांच्या दुसऱ्या प्लेटची वाट पाहत होतं. साहेब देवरीत उतरले तर पडद्यावर नवं वर्ष आयतं हजर! त्यांनी तिथूनच फोन लावला.

"टेंभरे, ही आज्ञा आमच्या आधी पोचलीच कशी?"

"ती तारेतून जाते जी."

"कुठूनही जाऊ दे. साहेबाच्या गाडीला ओव्हरटेक करून जाते म्हणजे काय? काही शिस्त आहे की नाही?"

वर्ष पुन्हा जुनं झालं. यापुढे आज्ञेने गाडीच्या मागे राहावं, असं ठरलं. हेमेंद्र बिचारा प्रोग्राममध्ये थांबे टाकत बसला. रेल्वे फाटकाचा थांबा टाकला, चहाचा टाकला, भज्यांचा टाकला. नवेगावच्या वळणांवर शकुंतलाबाईंना मळमळतं, त्याचा वेगळा टाकला. "पंक्चरचा टाकला का गा?" जागेश्वरने आठवण केली. तोही टाकला. दहा-बारा ओळींचा प्रोग्राम पानंच्या पानं वाढला. त्यात काम करणारी ओळ एकच, बाकीच्या सगळ्या थांबणाऱ्या. शकुंतलाबाईंनी वरपासून खालपर्यंत नजर टाकली आणि समाधानाने म्हणाल्या, "आता कसं, आपल्या ऑफिसचं वाटतं."

पण वाटेत थांबलेली आज्ञा उनाडायला लागली तर? तिच्यावर नजर ठेवायला गोंदियात जबाबदार माणूस हवा. तो माणूस म्हणजे हेमेंद्र, आणि तोही दौरा संपेपर्यंत.

"साहेब, शनिवारी माझं साक्षगंध आहे जी. नाही गेलो तर पोरीवाले दुसरा पोरगा पाहतील."

"शनिवारी आपण कुठे आहोत?" साहेबांनी विचारलं.

"अर्जुनी मोरगाव," शकुंतलाबाई म्हणाल्या. "केशोरी त्याच तालुक्यात येते."

साहेबांचा चेहरा उजळला. "मग अडचण कसली? तू इथून कर, आम्ही तिकडे हजर राहतो. पद्धत तुझीच आहे!"

 स्वतःच्याच अकलेचा हेमेंद्रला मनापासून राग आला.

शनिवारी तो रिकाम्या कार्यालयात फोन हातात धरून बसला. केशोरीत त्याचे आईवडील बसने पोचले, आणि मागोमाग जीप. साहेब उतरताच सेवकरामची तारांबळ उडाली. शाल आली, नारळ आला, साहेबांना पहिल्या पंगतीत गादीवर बसवलं. दुपारी साहेबांचा फोन आला.

"टेंभरे, अंगठी घातली."

"कोणी जी?"

"शकुंतलाबाईंनी. नवरदेवाचा प्रभार त्यांच्याकडे दिला होता. कार्यक्रम सुरळीत पार पडला. नवरदेव गैरहजर असल्यामुळे कोणताही अडथळा आला नाही."

मग सोनिकाचा फोन. ती रडेल, निदान भांडेल तरी, असं त्याला वाटलं.

"तुमी नाही आले त कोनी विचारलंबी नाही," ती म्हणाली. "साहेब आले ना! बाबा लय खूश आहेत. पन सालेकशाचे मामा रुसून बसले."

"काऊन?"

"त्यांले तुमी फोनवरूनच आमंत्रन देल्लं ना. म्हनतात, घरी येऊन कोनी बलावलं नाही, लग्न कसं होते ते मी पाहतो. आता बाबा म्हनतात, पोरगा सोता जाऊन सांगन तवाच सोयरीक."

रविवारी हेमेंद्र रणरणत्या उन्हात एसटीने सालेकशाला गेला. मामांच्या अंगणात हात जोडून उभा राहिला आणि फोनवर सांगितलेलीच वाक्यं एकही शब्द न बदलता पुन्हा म्हणाला. मामांनी ती लक्षपूर्वक ऐकली. "हां," ते म्हणाले, "आता समजलं."

हसून घ्या, खुशाल हसा. पण परवा फोनवर आलेल्या त्या लग्नाच्या आमंत्रणाचं काय केलंत? तारीख वाचली, वेळ वाचली, मंगल कार्यालयाचा पत्ताही वाचला, आणि घरीच बसलात. का म्हणे? घरी येऊन कोणी बोलावलं नाही, हेच ना?