बघू म्हणणाऱ्यास प्रवेश नाही

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी सासुरवाडीला निघालो आणि सासुरवाडीच्या धक्क्यावरूनच परत आलो. हातात पेढ्यांचा पुडा, अंगात नवा कोट, पायांत करकरणारे बूट. होडी धक्क्याशी आली, होडीवाल्याने दोर फेकला. धक्क्यावरच्या एका उंच, काटक म्हाताऱ्याने तो झेलला आणि खुंटाला न बांधता नुसताच हातात धरून मला विचारलं, "कवा जानार?"

मी अजून उतरलोही नव्हतो. मला वाटलं, थट्टा असेल. नव्या जावयाची करतात. मीही ऐटीत म्हणालो, "बघू."

म्हाताऱ्याने दोर परत होडीत टाकला.

ओहोटी लागली होती. पाणी उतरायच्या आत घर गाठायचं म्हणून होडीवाल्याने होडीचं तोंड सरळ भांडुपाकडे फिरवलं. "आता काय नाय व्हायचं," तो म्हणाला, "बघू बोललाव ना तुमी." पेढे आम्ही दोघांनी खाडीच्या मधोमध खाल्ले. आधीच माहेरी गेलेली माझी बायको यमुना तिकडे ओट्यावर बसून माझी वाट बघत होती. आणि मला परत पाठवणारा म्हातारा परका नव्हता, तिचा सख्खा काका होता. जोमाकाका. आमच्या लग्नात त्यानेच माझ्या हातात नारळ दिला होता, त्यामुळे ओळखलं नाही असंही म्हणायची सोय नाही.

आमचं घराणं खाडीच्या या काठचं, यमुनेचं त्या काठचं. बोनकोड्याच्या खालच्या अंगाला खाडीचा एक फाटा आत शिरतो, तिथे तिचं गाव. भातखाचरं, मिठागरं, आणि भरतीला होडी लागेल असा दगडी धक्का. यमुनेचे आईवडील ती लहान असतानाच गेले. तिला वाढवलं ते या काकाने आणि काकीने. काकीला मी पाहिलेलं नाही. आमच्या लग्नाआधीच्या साली ती खाडीच्या या काठी बहिणीकडे राहायला आली होती, तिथेच तापाने गेली.

काकाची सगळी नोकरी मुंबईच्या बंदरात झाली. परदेशच्या बोटींवरून उतरलेले लोक ज्या शेडमधून बाहेर पडत, तिथे साहेबाच्या टेबलाशेजारी उभं राहून त्यांचं सामान पुढे सरकवायचं, हे त्याचं काम. काही मुलुखांतल्या लोकांना थोड्या दिवसांच्या फिरतीसाठी व्हिसा लागत नसे. पण म्हणून साहेब त्यांना तसेच सोडत नसे. कशासाठी आलात? कुणाकडे उतरणार? खर्चाची सोय काय? देवी टोचल्या आहेत का? आणि परतीचं तिकीट कुठे आहे? हे प्रश्न ऐकून ऐकून काकाला हरिपाठासारखे पाठ झाले. साहेब बदलत गेले, प्रश्न तेच राहिले. नोकरी संपल्यावर इतर लोक घोंगडी आणि निरोपाचं ताट घेऊन घरी येतात; काका ते प्रश्न घेऊन आला.

"व्हिसा माफ हाय," तो बोट वर करून सांगे, "चौकशी माफ नाय."

त्याच्या हातात कायद्यातली सत्ता काडीची नव्हती. पण दोर होता. त्याने दोर बांधला नाही तर उतरणाऱ्याला गुडघाभर चिखलात उडी घ्यावी लागे. गावाने त्याला चालवून घेतलं, कारण ऊन असो, थंडी असो, प्रत्येक भरतीला धक्क्यावर उभा राहणारा दुसरा कुणी नव्हता. चिखलात रुतलेल्याला ओढून काढायचा तो काकाच, आणि म्हाताऱ्या बायांना पाठीवर घेऊन वर आणायचा तोही काकाच. फक्त पाठीवर घेतल्याघेतल्या विचारायचा, "कवा जानार?" त्याच्याकडे परतीचं तिकीट म्हणजे परतीची भरती. उद्या सकाळची की परवा दुपारची, हे उतरण्याआधी सांगावं लागे.

एकदा सरकारी डॉक्टर देवी टोचायला आले. लस टोचणाऱ्यालाच काकाने विचारलं, तुमची खूण दाखवा. डॉक्टर चिडले, मग हसले, मग त्यांनी बाही वर केली. खूण सापडेना. कोट काढला, सदरा काढला, दुसरा दंड बघितला. भर होडीत, उघड्या अंगाने, डॉक्टर स्वतःभोवती फिरत होते आणि धक्क्यावर जमलेली बायकापोरं "जरा वर, जरा वर" म्हणून मदत करत होती. शेवटी काकानेच लांबून खूण ओळखली आणि समजूत घातली, "जुनी हाय, पन चालंल."

दुसऱ्या एका खेपेला अख्खं वऱ्हाड अडकलं. कशासाठी आलात, या प्रश्नाला नवरदेवाने खरं उत्तर दिलं: लग्नासाठी. काका म्हणाला, लग्न फिरतीत बसत नाही. फिरती थोड्या दिवसांची, लग्न जन्माचं. ताशेवाले होडीत बसल्या बसल्या वाजवत राहिले, पाणी उतरायला लागलं, मुहूर्त जवळ आला. तेव्हा नवऱ्याच्या आत्याने मुंडावळ्यांच्या मागून डोकं काढलं. "आरं मेल्या, जेवाया आलो आमी. जेवून जानार."

काकाने विचार केला. जेवण फिरतीत बसत होतं. दोर खुंटाला बांधला गेला.

खर्चाच्या सोयीची तर वेगळीच तऱ्हा. पाहुण्याने स्वतःच्या पोटाची सोय दाखवलीच पाहिजे. दोन केळी दाखवली तरी चाले. ती बारकाईने बघून काका परत देई, आणि लगेच पाहुण्याला घरी नेऊन स्वतःच्या हातचं चिंबोरीचं कालवण आणि तांदळाची भाकरी असं वाढी की केळी पिशवीतच काळी पडत. मी एकदा म्हटलं, काका, तुम्हीच जेवायला घालणार तर सोय कशाला विचारता? तो म्हणाला, "नियम येगला, भूक येगली."

हे सगळं मी ऑफिसात रंगवून सांगत असे. मग यमुनेला दिवस गेले, आणि माझं रंगवणं बंद झालं.

पहिलं बाळंतपण माहेरी. आणि माहेर म्हणजे तो धक्का. माझ्या आईने शेंगदाण्याचे लाडू बांधले, आणि मी मनात उत्तरं बांधत बसलो. कशासाठी? बाळंतपण फिरतीत बसतं का? किती दिवस? ते पोटातल्याला ठाऊक. आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे येताना एक आणि जाताना दोन. हे कुठल्या देशाच्या कायद्यात बसतं? मला तर होडी परत फिरलेली आणि यमुना खाडीच्या मधोमध कळा देत असलेली दिसायला लागली. यमुना मात्र निवांत होती. "तुमी तुमचं बघा," एवढंच म्हणायची.

नारळी पौर्णिमा झाल्यावर आम्ही निघालो. दोर गेला, काकाने झेलला. मी घाईघाईने सुरुवात केली: कारण कौटुंबिक, उतरणार आपल्याकडेच, सोबत लाडू, दंडावर खूण आहे, आणि परत...

"कवा जानार?" काकाने मला विचारलं.

"मी उद्या सकाळच्या भरतीला. ही मात्र..."

पण काका माझं ऐकतच नव्हता. त्याने दोर बांधला होता, वाकून यमुनेला दोन्ही हातांनी वर घेतलं होतं, आणि ती त्याच्या खांद्याला धरून दम खात होती. मी धीर करून म्हणालो, "हिला काहीच नाही विचारलंत?"

"तिला काय ईचारायचं?" काका म्हणाला. "ती परदेशी कवा झाली? टुरिस्ट तुमी."

मुलगी झाली. टुरिस्ट या नात्याने मी रविवारी येत-जात राहिलो, दर वेळी लाडू दाखवत राहिलो. दिवाळीनंतर मायलेकींना घरी न्यायचं ठरलं, तेव्हा काकाने नवाच कायदा काढला. पोरीला देवी टोचलेल्या नाहीत. ती बाहेर कशी जाणार? "आमी सोडू," तो म्हणाला, "पन पल्याडचे अडवतील." पल्याडचा म्हणजे मीच होतो आणि अडवायचा माझा काही विचार नव्हता, पण कुणी मला विचारलं नाही. पुढच्या रविवारी तो म्हणाला, पाणी कमी आहे. होडी त्याच्या मागे डुलत होती. त्यापुढच्या रविवारी वारा चांगला नव्हता. मग एकदाचे ते सरकारी डॉक्टर आले, न सांगता कोट काढून खूण दाखवून उतरले, आणि त्यांनी पोरीला टोचलं. ती रडली, काका तिच्याहून जास्त वेळ डोळे पुसत राहिला, आणि खपली धरून पडल्यावर त्याच्याकडे कारण उरलं नाही.

निघायच्या दिवशी यमुना पोरीला घेऊन होडीत बसली. मी बसलो. काकाने खुंटाचा दोर सोडला, पण हातातून सोडला नाही.

"परत कवा येनार?" त्याने विचारलं.

आजवर त्याने हा प्रश्न मला विचारला नव्हता. माझ्या डोक्यात रजा, साहेब, पोरीचं दूध असं काहीबाही होतं. मी म्हणून गेलो, "बघू."

काकाने दोराचा एक वेढा मनगटाला घेतला. पाणी उतरत होतं. होडीवाला माझ्याकडे असं बघत होता, जणू याला शिकवून उपयोग नाही. काका कुणाकडेच बघत नव्हता.

"शिमग्याला येतो, काका," यमुना म्हणाली. "पुनवेच्या भरतीला. पोर बसाया लागंल तवर."

"कोनाकडं उतरनार?"

"तुज्याकडं."

"खर्चाची सोय?"

"तूच."

काकाने मनगटाचा वेढा सोडला, दोर नीट गुंडाळला आणि होडीत ठेवला. फेकला नाही, ठेवला. मग हात कपाळावर धरून उभा राहिला, ऊन त्याच्या पाठीमागे असूनही.

खाडीच्या मधोमध आल्यावर मी यमुनेला म्हटलं, तुझ्या काकाचं माझ्या त्या एका शब्दाशी काय वाकडं आहे, कळत नाही. तिने पोरीच्या डोक्यावर पदर ओढला.

"काकी बहिणीकडं निघाली, तवा यानं विचारलं होतं तिला, परत कवा येशील," ती म्हणाली. "ती होडीतून हसली, आणि म्हणाली, बघू."