झुंबरबाईच्या तोंडातला बेडूक

झुंबरबाईच्या तोंडातून बेडूक बाहेर उडी मारतोय, हे अख्ख्या गल्लीनं सकाळी सकाळी बघितलं, आणि सगळ्यात शेवटी बघितलं ते झुंबरबाईनं. तोवर केरबाच्या चहाच्या गाड्याजवळ ही गर्दी जमली होती. बेडूक हिरवागार, डोळे वटारलेला. आणि बाई तर हुबेहूब! कपाळावरचं गोंदण, नाकातली मोरणी, कानाशी सुटलेली बट, काही म्हणजे काही राहिलं नव्हतं. पिराजी पेंटरच्या दुकानाबाहेर दोरीला चिमटे लावून टांगलेलं ते चित्र वाऱ्यावर डुलत होतं, त्यामुळे बेडूक खरोखरच उड्या मारतोय असं वाटत होतं.

"पिराज्या! भाईर ये मुडद्या!"

पिराजी कानावर ब्रश खोचून बाहेर आला. त्याच्या मागोमाग त्याची लेक संघप्रिया आली आणि दोरीकडे बघताच तिनं कपाळावर हात मारला.

"माझ्या तोंडात बेडूक कुणी घातला?" झुंबरबाईनं कमरेवर हात ठेवले.

"घातलेला न्हाय झुंबराक्का, भाईर पडतोय," पिराजीनं चूक सुधारली. कलेच्या बाबतीत तो कुणाचं ऐकून घेत नसे.

आता ही भानगड मुळापासून सांगायला हवी. साल दोन हजार चार. कोल्हापुरात फ्लेक्स नावाची अवदसा येऊन ठेपली होती. त्याआधी कळंब्यापासून पार गंगावेशीपर्यंत वाढदिवसाचा, तालमीचा, कुस्तीच्या मैदानाचा बोर्ड म्हटलं की पिराजी. आता हमरस्त्यावरचा आदर्श नावाचा पोरगा तासाभरात मशिनीतून बोर्ड काढून द्यायचा, तोही ढगातून डोकं काढलेल्या पुढाऱ्यासकट! वर्षभरात पिराजीचे ब्रश वाळून काठीसारखे झाले. शेवटी एक तारखेपासून दुकानाची जागा आदर्शला द्यायची बोली झाली, आणि मेव्हण्याच्या वशिल्यानं बिद्रीला साखर कारखान्यावर वॉचमनची नोकरीही ठरली. पिराजीनं शिट्टीसुद्धा विकत आणली होती. ती बघितली की संघप्रियाचा जीव तुटायचा.

संघप्रिया एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवायची. सायबर कॅफेत बसून तिनंच हे काम शोधून काढलं होतं. फिनलंडमधल्या एका मास्तरीणबाईंना मुलांसाठी पुस्तक करायचं होतं. डाव्या पानावर इंग्रजी वाक्प्रचार, उजव्या पानावर त्याच अर्थाचा फिनलंडचा, आणि त्याचं रंगीत चित्र. हे पुस्तक जमलं तर आणखी तीन पुस्तकं पिराजीलाच. म्हणजे दुकान वाचणार आणि शिट्टी खुंटीला राहणार.

"बाईचं नाव काय म्हणालीस?" पिराजीनं तेव्हा विचारलं होतं.

"आयला."

"आगं, बापाशी बोलतीस. जरा नीट बोल की."

कामाला मात्र तो इमानदारीनं लागला. अडचण एकच होती. तीस वर्षं शुभेच्छुकांचे बोर्ड रंगवलेला हात तो! बोर्डावर शुभेच्छुकाचं नाक जरा वाकडं आलं तरी संध्याकाळी दुकानापुढं भांडण ठरलेलं. त्यामुळे बिनमालकाचा चेहरा काढणं त्या हाताला माहीतच नव्हतं. मग पिराजीनं गल्लीच फिनलंडला धाडायची ठरवली. 'तिकडं झुंबरबाईला कोण वळखतंय?' असा त्याचा हिशोब. हिशोब बरोबरच होता, फक्त चित्रं त्यानं वाळत घातली ती कळंब्यात, ह्याच गल्लीत. आणि आज संध्याकाळी ती सगळी कुरियरनं जायची होती.

"काकू, चिडू नका," संघप्रिया पुढं झाली. "ह्यो तिकडचा वाक्प्रचार हाय. इंग्रज माणूस नको ते बोलला, की सोताचा पाय तोंडात घालतो. फिनलंडच्या माणसाच्या तोंडातनं बेडूक पडतो. आपली नुसती जीभ घसरती बघा."

"म्हंजे मी नको ते बोलती?"

लोक एकमेकांकडं बघायला लागले. गेल्याच आठवड्यात झुंबरबाईनं गल्लीतली एक मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना, "पोरगी लाखात एक हाय, आदल्या दोन सोयरिकी का मोडल्या कुणास ठाऊक," असं प्रेमानं सांगून तिसरी मोडली होती.

"बेडूक तर लई बारका काढलाय," मागून कुणीतरी म्हणालं. झुंबरबाईनं चित्र खसकन ओढलं, पदराखाली घेतलं आणि ती तरातरा घरी गेली.

तेवढ्यात दूधसंस्थेचे चेअरमन कृष्णात आले. पुढच्याच चित्रात ते सफारीत उभे होते आणि पाठीमागे त्यांची गाय ओढ्यात पडलेली.

"माझी गाय पडली कवा?"

"पडली न्हाय चेअरमन," संघप्रियाचा आवाज बारीक झाला. "एकाद्याचा सोताचा मतलब गुतलेला असला, की तिकडं म्हणतात, ह्याची सोताचीच गाय ओढ्यात हाय."

संस्थेची सगळी पेंड चेअरमनच्या मेव्हण्याच्या दुकानातून येते, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. लोक फिदीफिदी हसले. "ही बदनामी हाय!" म्हणत चेअरमननी गायीसकट स्वतःला जप्त केलं.

तिसऱ्या चित्रात केरबाच्या नाकात वाटाणा होता.

"ह्येचा काय अर्थ?" केरबानं विचारलं.

"बारक्या गोष्टीवरनं राग धरणं."

"मी राग धरतो? मी?" असं म्हणून केरबानं उकळता चहा गटारात ओतला, चित्र बगलेत मारलं आणि आज गल्लीला चहा बंद असल्याचं जाहीर केलं.

दोरीवर नुसते चिमटे उरले.

"आबा, नवीन काढा. मिशा बदला, नाक बदला," संघप्रिया काकुळतीला आली.

"नाक बदललं तर चित्र खोटं पडतंय. आन एका दिवसात व्हतंय व्हय?" पिराजी मटकन स्टुलावर बसला. "कळव त्या बाईला, जमत न्हाय म्हणून. लेकी, फ्लेक्सनं जे करायचं ते केलं, आता गल्लीनं केलं. बिद्री बरी."

तिला रडूच आलं. ते दिसू नये म्हणून ती आत जाऊन उरलेली चित्रं आवरायला लागली, आणि सगळ्यात खालचं चित्र हातात येताच थांबली. इंग्रजीतलं 'गिव्ह अप'. आपण हात टेकतो, फिनलंडचा माणूस कुऱ्हाड तळ्यात फेकतो. चित्रात कळंब्याचं तळं होतं, काठावर कुऱ्हाड भिरकावणारा माणूस होता आणि चेहरा तिच्या बापाचा होता.

"ह्यो कशापाय काढला आबा?"

पिराजी खाली बघून म्हणाला, "दुसरा कुणाचा बसंना."

संघप्रियानं ते चित्र नेलं आणि रिकाम्या दोरीच्या बरोबर मधोमध लावलं.

लोक पुन्हा जमले. संघप्रियानं अर्थ सांगितला, तसं हसणं मात्र जमेना. केरबा खाकरला. ह्याच हातानं त्याच्या गाड्यावर 'स्पेशल चहा' लिहिलं होतं, पोराच्या बारशाचा पाळणा रंगवला होता. त्यानं मुकाट्यानं वाटाणा परत आणून लावला आणि स्टो पेटवला.

पाठोपाठ झुंबरबाई आली. डोळे लाल, आवाज तोच. "घरात आरशाफुडं धरून बघितलं. आगं, जल्मात कुणी माझं चित्र काढलं न्हाय. बेडूक ऱ्हाऊ दे, पर लुगड्याला काठ घाल की रं जरीचा. फॉरेनला जायाचं, आन अशी घरातल्या लुगड्यात?"

झुंबरबाई फॉरेनला जाणार ही बातमी चेअरमनपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतोय!

"तिकडं आपल्या संस्थेचं मतदार न्हाईत न्हवं?" जप्त केलेलं चित्र पुढं करत त्यांनी हळूच विचारलं.

"एक बी न्हाय."

"मग जाऊ दे. गाय तेवढी जरा गुटगुटीत कर. आन खाली शुभेच्छुक म्हणून नाव घाल."

मग रांगच लागली. ज्यांचं चित्र नव्हतं, ते हमरीतुमरीवर आले. "आमी काय तुजं घोडं मारलंय?" असं म्हणत तानाबाई वाटेतच बसली. तिला कडेवरच्या नातवासकट चेअरमनच्या चित्रात ओढ्याच्या काठावर उभं केलं, तेव्हा ती उठली. पिराजीचा ब्रश सपासप चालत होता. कानशिलावरून घाम, तोंडात शीळ. त्याला शीळ घालताना ऐकून संघप्रियाला वर्ष झालं होतं.

शेवटी कुऱ्हाडीचं चित्र राहिलं.

"ह्ये असं जाणार न्हाय," संघप्रियानं बजावलं. "दुसरा चेहरा बघा."

पिराजीनं गर्दीवर नजर फिरवली. बेडूक चालला, वाटाणा चालला, गाय ओढ्यात चालली. पण हार मानणारा म्हणून उभा राहायला एक माणूस तयार होईना. "कळंब्यात हुडकू नगो. असला माणूस हितं पिकत न्हाय," केरबा म्हणाला. कुरियरची गाडी कोपऱ्यावर येऊन उभी राहिली.

आणि त्याच वेळी हातात टेप घेऊन, मशिनीसाठी जागा मोजायला, आदर्श आला.

"पिराजीमामा, काय वो ही जत्रा?"

"परदेशातल्या पुस्तकात चेहरे छापायचं काम हाय."

आदर्शनं टेप खिशात टाकला. केसांवरून हात फिरवला. "आपलं बी एक बसवा की मामा."

"एकच जागा हाय बघ शिल्लक," पिराजी अगदी मायेनं म्हणाला. "ही काठी धर, कुऱ्हाड समज. हात वर. नजर तळ्याकडं."

"अर्थ काय ह्येचा?"

गल्लीत सगळ्यांनी आधी झुंबरबाईकडं बघितलं. तिचं तोंड उघडलं, आणि मिटलं.

"मागनं सांगतो. हालू नगोस," पिराजी म्हणाला.

बाईंना चित्रं इतकी आवडली, की तीनऐवजी चार पुस्तकांचं काम आलं. शिट्टी तानाबाईच्या नातवाला मिळाली आणि त्यानं गल्लीची झोप उडवली. आदर्शनं मशीन दुसरीकडं लावली. पुस्तकातलं स्वतःचं पान त्यानं कापून, काचेची चौकट करून दुकानात टांगलंय. खाली फिनलंडच्या भाषेत एक ओळ आहे. गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा तो सांगतो, "कर्तबगार तरुण, असंच कायतरी आसंल."

झुंबरबाई रोज त्याच दुकानावरून भाजीला जाते. चौकटीकडं बघते, पदर तोंडावर धरते आणि लगालगा पुढं निघून जाते.