सदुभाऊंची फुंकर

आमच्या दोह्याच्या अल गराफा भागातल्या व्हिलाच्या मागच्या भागात राहणारे सदुभाऊ गरम चहावर कधी फुंकर मारत नाहीत. कप समोर ठेवून बसतात, वर साय धरेपर्यंत. मी म्हणते, "निवला की, प्या आता." तर म्हणतात, "वहिनी, फुंक फुकट घालवायची नाही. ती बाजासाठी." माझ्या नातवाच्या वाढदिवसाला चार फुगे फुगवायला सांगितले, तर सायकलचा पंप घेऊन आले.

बाजा म्हणजे सॅक्सोफोन. माणूस मूळचा मिरजेचा. वरातीच्या बँडमध्ये सुरुवात, मग मुंबईची हॉटेलं, आणि आता कितीतरी वर्षं दोहा. लुसैलच्या एका हॉटेलात ऱ्हिदम अँड ब्लूज वाजवतात. ते काय असतं, मी एकदा विचारलंच. "ठेका वरातीचा, पण नवरी निघून गेलेली," म्हणाले. मला लगेच कळलं.

रियाज मात्र गाडीत. काचा वर, एसी चालू, रोज चार वाजता. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून असेल, असं मी धरून चालले होते.

मध्यंतरी त्यांचे पुढचे दोन दात हलायला लागले. डॉक्टर म्हणाले, काढा. हे ऐकेनात. गाल सुजून भोपळा झाला तरी तेच. "दात गेले की फुंक बदलते, वहिनी. सूर माझा राहत नाही."

"हॉटेलात जेवणाऱ्यांना काय कळतंय त्यातलं?"

"त्यांचं कोण म्हणतंय," म्हणाले, आणि मग सांगितलं. बायको मिरजेत, मेहुणीकडे. तिच्या औषधपाण्यासाठी हे इथे. तिची माणसांची ओळखच पुसत चालली आहे. फोनवर यांचा आवाज ऐकून विचारते, कोण बोलतंय? पण गाडीत बसून फोनवर बाजा ऐकवला, की बहिणीला म्हणते, "आमचे हे वाजवतायत."

"तेवढंच उरलंय," म्हणाले.

शेवटी ताप चढला, तेव्हा मीच दटावून नेलं. दात गेले, कवळी बसली. पुन्हा वाजवायच्या दिवशी एकट्याला धीर होईना, म्हणून मला शेजारच्या सीटवर बसवलं. फोन लावला. पहिलाच सूर फाटला. दुसराही. ते थांबले.

मग पलीकडून एक बारीक आवाज आला, "अहो, बाजाची रीड बदललीत का?"

रीड म्हणजे बाजाच्या तोंडाशी लावायची पातळ पट्टी, हे मला मागाहून समजलं. तेव्हा कळलं ते एवढंच, की ती बहिणीशी नाही, यांच्याशी बोलत होती.

सदुभाऊंनी बाजा मांडीवर टेकवला.

"हो गं," म्हणाले, "बदलली." दातांचं नावही काढलं नाही.