दुर्गाबाईने बोललेला गळ्याचा नवस

नत्थुजीचा मुदतीचा ताप उतरला, त्या दिवशी दुर्गाबाईने आधी त्याला भाताची पेज पाजली, मग भिंतीला टेकवून बसवले आणि मगच सांगितले.

"महादेवाले नवस बोलली मी. तुमी उठून बसले, तं शिवरात्रीले देवाफुडं एक पद म्हनसान."

"म्हनीन ना," नत्थुजी म्हणाला. तापातून उठलेला माणूस कशालाही हो म्हणतो. "पेटी पुसून ठेव."

"पेटी नाही. गळ्यानं."

नत्थुजी भिंत सोडून ताठ बसला.

चांदूर रेल्वेजवळच्या त्या गावात नत्थुजीची विहीर होती, विहिरीभोवती वांगी आणि मेथी होती, आणि भजनी मंडळात पेटी होती. पेटीवर त्याची बोटे अंधारातही चुकत नसत. पण गायला मात्र तो जन्मात नव्हता. आरतीतसुद्धा नुसते ओठ हलवायचा.

"अवं, पेटीचा नवस बोलाचा होता!"

"पेटी तुमी धडधाकट असतानाबी वाजवता. त्यात देवाले काय नवल? अमरावतीचा डॉक्टर हात हालवून गेला होता. अशा वक्ती मानूस भारी चीज कबूल करते." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "अन मधात थांबाचं नाही, बरं. मनकर्णामाय म्हने, सुरू केलं का शेवटलोक. मधात थांबलं तं ताप वापस येते."

मनकर्णाबाई म्हणजे गावातल्या नवसांचे कोर्ट. तिच्यावर अपील नव्हते.

तापाची भीती होतीच, पण नत्थुजीला त्याहून मोठी भीती वामनरावांची होती. वामनराव भजनी मंडळाचे गाणारे. काळ्या रानाचे मालक, आवाज एवढा की नदीपलीकडची कुत्री उठावीत. मोठा आवाज म्हणजेच सूर, अशी त्यांची समजूत होती. दर एकादशीला भजन संपले की नत्थुजी भाता बंद करत म्हणायचा, "वामनराव, सूर पेटीत हाये. तुमी कोन्या वावरात हिंडून राहिले?" मंडळी हसायची. वामनराव म्हणायचे, "पेटी जुनी झाली बुवा तुमची." हे वर्षानुवर्षे चालले होते. आणि आता गाणे शिकवील असा गावात दुसरा माणूस नव्हता.

नत्थुजी गेला तेव्हा वामनराव ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. नवसाची बातमी त्याच्या आधीच पोचली होती.

"या, या! आज सूर आमच्या वावरात हिंडाले आला का काय?"

नत्थुजीने मान खाली घातली.

"शिकवतो," वामनराव म्हणाले. "पन शिवरात्रीले पेटी मी धरीन."

"तुमाले वाजवता येते?"

"तुमाले गाता येते?"

सौदा पटला.

पहिल्या दिवशी नत्थुजीने तोंड उघडले, आवाज निघाला नाही. पुन्हा उघडले, पुन्हा नाही. मग त्याचा डावा हात आपोआप मांडीजवळ हलू लागला, पेटीचा भाता मारावा तसा, आणि त्याबरोबर आवाज बाहेर आला. हात थांबला की आवाज थांबे.

"हे काय सोंग?" वामनराव म्हणाले. "महादेवाफुडं काय वारा घालान? हात खाली ठेवा!" आणि त्यांनी नत्थुजीचा हात घट्ट धरला. नत्थुजीचा चेहरा लाल झाला, डोळे मोठे झाले, पण आवाज काही येईना. दाराआडून वामनरावांची बायको तानुबाई ओरडली, "सोडा, सोडा त्यायले! आत्ताच तं बिमारीतून उठले!"

दुसरी पंचाईत कानांची होती. आपला आवाज पट्टीवरून घसरला की नत्थुजीला लगेच कळे. मग तो तोंड वाकडे करून थांबे.

"तुमी आयकता कावून?" वामनराव चिडले. "गानाऱ्यानं आयकाचं नसते, नत्थुजी. गायाचं असते!"

हे वामनरावांचे सगळे गाणे एका वाक्यात होते. नत्थुजीने त्यांना नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर शिकायचे ठरवले.

विहिरीवर मोट होती. लाल्या आणि मोऱ्या हे बैल उतरत्या धावेवरून खाली चालत, की पाण्याने भरलेली मोट वर येई. मोट थारोळ्यात रिकामी झाली की बैल धावेवर मागे मागे चढत आणि मोट पुन्हा विहिरीत जाई. बाकीचे लोक मोटेवर गाणी म्हणत. नत्थुजी आजवर नुसती जीभ चटकावत आला होता. आता त्याने डाव्या हातात कासरा धरला आणि तोंड उघडले. हाताला काम मिळाले होते. आवाज सुरळीत निघाला.

बैल खाली चालले की तो सूर चढवत नेई, मोट वर आली की टिकवून धरी, बैल मागे फिरले की सूर उतरवी. बिनसुरात गेला तर स्वतःच्याच कानाला लाजून पुन्हा पहिल्यापासून धरी. तोवर बैलही उभे राहत. माघात विहिरीचे पाणी खाली गेले, दोराला तुकडा जोडावा लागला, आणि त्याबरोबर नत्थुजीचा दमही लांबला.

"तुमचा दम विहिरीएवढा झाला," दुर्गाबाई वांग्यांतून म्हणाली. ही तारीफ होती की नाही, हे त्याने विचारले नाही.

मग एके दिवशी वांगी घेऊन नत्थुजी रेल्वेने अमरावतीच्या बाजारी गेला आणि मोट शेजारच्या भगवंतावर सोपवून गेला. संध्याकाळी भगवंत घामाघूम होऊन वाटेतच भेटला.

"नत्थुभाऊ, तुमचे बैल बिघडले. हाकललं, शेपटी पिरगाळली, पाया पडलो. हालत नाहीत! नुसते माह्या तोंडाकडे पाहून राहिले."

नत्थुजी धावेवर गेला आणि हळूच सूर चढवला. बैल निमूट खाली चालले. उतरवला, मागे आले.

भगवंत पाहतच राहिला. "हे तं शाळा शिकले!"

नत्थुजीला आनंद झाला. गाणे ऐकून कोणी तरी जागचे हलले होते. या आनंदात पुढचा विचार करायचे राहून गेले.

शिवरात्रीला नदीकाठच्या महादेवाची जत्रा भरली. नत्थुजीच्याच गाडीत पेटी, मृदंग आणि मंडळी बसून गेली. पाहतात तर मांडवात तिवशाचे मोठे भजनी मंडळ ठाण मांडून बसलेले. उठायचे नाव नाही.

"गाडीतूनच म्हना," दुर्गाबाई म्हणाली. "देवाले दिसलं म्हंजे झालं."

गाडीची पाठ देवळाकडे करून ती पायऱ्यांसमोर उभी केली. बैल सोडले असते तर गाडी पुढे नाक टेकून बसली असती आणि मंडळी घसरून एकमेकांच्या अंगावर गेली असती, म्हणून बैल जुंपलेलेच ठेवले. नत्थुजी मागच्या टोकाला देवाकडे तोंड करून बसला. वामनरावांनी पेटी मांडीशी घेतली आणि एकच पट्टी दाबून धरली. तेवढीच त्यांना येत होती.

नत्थुजीने डोळे मिटले आणि सूर चढवला.

गाडी चालू लागली.

"अरे, अरे!" वामनराव पेटीसकट मागे कलंडले. गाडी सरळ रेवड्यांच्या दुकानाकडे निघाली. रेवडीवाला टोपले डोक्यावर घेऊन पळाला. बायकांनी पोरे उचलली.

"नत्थुजी, थांबा!" मंडळी ओरडली.

"थांबू नका!" गाडीमागून धावत दुर्गाबाई ओरडली. "ताप येईन!"

नत्थुजीने डोळे उघडले. देव लांब चालला होता. बैलांना आवाज द्यावा तर पद मोडते, न द्यावा तर गाडी दुकानात जाते. काय करावे हे न सुचून त्याने सूर उतरवला, कारण पदात तिथे उतारच होता.

लाल्या-मोऱ्या थांबले आणि मागे मागे येऊ लागले. आता गाडी देवळावर चालून गेली. आरतीचे ताट घेऊन पायरीवर आलेला पुजारी तसाच गाभाऱ्यात शिरला. चाक पायरीला लागायला आणि दुसरे कडवे सुरू व्हायला एकच गाठ पडली. सूर चढला, गाडी पुन्हा रेवड्यांकडे.

अशी गाडी कडव्यामागून कडवे पुढे-मागे होत राहिली. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी ओरडले, "नंदी! नंदी भजनात डोलून राहिले! हर हर महादेव!"

मग कोण ऐकतो? तिवशाचे मंडळ मांडव सोडून बाहेर आले. रेवडीवाल्याने रेवड्या उधळल्या. लोकांनी बैलांच्या शिंगांत झेंडूच्या माळा घातल्या, कपाळाला गुलाल लावला, पायांशी नारळ फोडले. पद संपले तेव्हा बैल शांत उभे होते आणि नत्थुजी घामाने भिजला होता. त्याच्या गळ्यात एकही माळ नव्हती.

दुर्गाबाई आली ती सरळ बैलांच्या पाया पडली.

"फिटला नवस," ती डोळे पुसत म्हणाली.

"मी कसा गायलो?"

"तुमी? गायले ना. शेवटलोक गायले."

परतीच्या वाटेवर वामनराव बैलांकडेच पाहत बसले. दुसऱ्या दिवशी उजाडताच ते विहिरीवर हजर झाले.

"जन्मभर गाऊन राहिलो," ते म्हणाले, "देवाचा नंदी सोडा, कोन्या हेल्या-रेड्यानं कान हालवला नाही माह्यासाठी. द्या इकडे कासरा."

नत्थुजीने कासरा दिला. वामनरावांनी छाती भरून घेतली आणि गायला सुरुवात केली. लिंबावरचे कावळे उडाले. बैल उभेच.

"थकले असन कालचे," वामनराव म्हणाले आणि आणखी मोठ्याने गायले. मोऱ्याने मान वळवून नत्थुजीकडे पाहिले.

ते नेहमीचे वाक्य नत्थुजीच्या अगदी ओठावर आले होते. कोन्या वावरात हिंडून राहिले? पण बैलाच्या डोळ्यांतच ते इतके स्वच्छ दिसत होते, की त्याने ते गिळले.

"वामनराव, आवाज बारीक करा," तो एवढेच म्हणाला. "अन जरासाक वर चढा."

वामनराव चढले. लाल्याचा कान हलला. वामनराव थबकले. त्यांनी पुन्हा तोच सूर चाचपून पाहिला, अंधारात कडी शोधावी तसा.

"म्हंजे," ते हळूच म्हणाले, "पेटी जुनी नव्हती झाली?"

"मी काही म्हनलं का?"

"तुमी नाही. ह्यायनं म्हनलं."

आणि ते ऐकू लागले. गात होते आणि ऐकत होते, बैलांच्या कानांवर डोळे ठेवून. ऊन चढले. नत्थुजी लिंबाखाली बसला होता, त्याचा डावा हात मांडीजवळ आपोआप भाता मारत होता.

"आज पानी कावून येऊन नाही राहिलं?" लांब वांग्यांच्या पलीकडून दुर्गाबाईने आवाज दिला. "दांड कोरडाच हाये!"

नत्थुजीने तिला हाताने थांब म्हटले. दोर ताणला गेला. चाक कुरकुरले. मोट वर आली, थारोळ्यात पाणी कोसळले आणि दांडाने वळणे घेत वांग्यांकडे निघाले. कासरा धरलेले वामनराव रडत होते की घाम पुसत होते, हे लिंबाखालून कळत नव्हते.

"आलं, आलं!" दुर्गाबाई ओरडली. "पानी आलं!"

"आता लागला सूर," नत्थुजी म्हणाला, आणि पेटी आणायला घराकडे निघाला.