अर्जियाबाईंच्या हातातली तार

आठ वाजायच्या आत अर्जियाबाईंच्या घरात सव्वीस माणसं आणि सव्वीस खुर्च्या जमल्या. गल्लीत टीव्ही एकच, तेव्हा खुर्ची ज्याची त्यानं आणायची अशी रीतच पडली होती. न्हावी इव्होनं तर दुकानातली गिऱ्हाइकाची खुर्ची उचलून आणली होती. गाण्यांच्या महोत्सवाची आज शेवटची फेरी होती आणि तिथल्या वाद्यवृंदात बाईंचा मुलगा नेव्हिओ व्हायोलिन वाजवणार होता. त्याला एकदा डोळे भरून पाहायचं, एवढ्यासाठीच तर बाईंनी टीव्ही घेतला होता.

पहिली गायिका उभी राहिली आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या! बाईंनी मागे जाऊन अँटेनाची तार धरली. चित्र लख्ख. सोडली, की पुन्हा मुंग्या. इव्होनं धरून पाहिली, तर गायिकेला दोन डोकी आली. खाटकाच्या तेरेसीनानं धरली, तर ती दोन्ही गेली.

"बाई, तुमच्याच हाताला गुण आहे. सोडू नका!" इव्हो म्हणाला.

"अरे, पण मला माझा पोरगा बघायचाय!"

"आम्ही आहोत ना! बघून सांगतो."

टीव्हीच्या पाठीकडे बघत बाई उभ्या राहिल्या. रडू कोसळायचंच काय ते बाकी होतं.

"दिसला का रे?"

"दिसला! पहिल्याच रांगेत. राजबिंडा!"

"वाळलाय हो," तेरेसीना म्हणाली. "आणि मिशी ठेवलीय."

"मिशी?" बाई दचकल्या, तार हलली आणि सव्वीस जण एकदम ओरडले.

तेवढ्यात दार ढकलून, व्हायोलिनची पेटी बगलेत मारून, खाली मान घालून नेव्हिओच आत आला. मिशीचा पत्ता नव्हता.

"आई, मला वाद्यवृंदात घेतलंच नाही गं. पत्रात लिहायचा धीर झाला नाही..."

"श्श्! गप्प बस की!" तेरेसीना खेकसली. "तुझंच व्हायोलिन चाललंय."

"अहो, मी इथे उभा आहे!"

"तू आत्ता आलास," इव्हो म्हणाला. "आम्ही आठपासून बघतोय तुला."

बाईंनी त्याला जवळ बोलावलं. बिचारा माफी मागायच्या तयारीनं गेला. बाईंनी त्याच्या मुठीत तार दिली. चित्र तसूभर हललं नाही. शेवटी रक्त एकच.

मग बाई पुढे आल्या, खुर्चीत बसल्या आणि चष्मा चढवून पडद्याकडे पाहू लागल्या. पाहता पाहता त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला.

"हलू नकोस रे," त्या टीव्हीमागे ओरडल्या, "आत्ता कुठे दिसायला लागलायस!"