खाली माणसं ऱ्हातात

सलग तीन सुट्ट्या आल्या, म्हणून मी सांडपाणी केंद्रातल्या हवेच्या मशीनलाही सुट्टी देऊन टाकली. बिचारं रात्रंदिवस घरघरत असतं, थकलं असेल, असं वाटलं. त्या केंद्राचा प्रमुख मीच आहे, हेही सांगून टाकलेलं बरं.

चौथ्या दिवशी टाकी सांभाळणारे बळीराम काका कनेरगाव नाक्यावरचं लग्न आटोपून कामावर आले. टाकी काळी पडली होती, वास फाटकापर्यंत आला होता. काका कठडा धरून उभे राहिले, मयताला आल्यासारखे. मग म्हणाले, "सायेब, लेकरं मारली तुमी."

लेकरं म्हणजे टाकीतले जंतू. गावाची घाण ते खातात, आणि जगायला त्यांना हवा लागते. रोज सकाळी काका काचेच्या जारात टाकीतलं पाणी भरायचे आणि अर्धा तास त्याच्यासमोर मांडी घालून बसायचे. गाळ तळाशी बसून वर निवळ आली की आधी "आज पोटभर जेवली" म्हणायचे, मगच स्वतः चहा घ्यायचे.

गावात त्यांचं दुसरंच एक वाक्य प्रसिद्ध. हॉटेलवाल्यानं कढईतलं तेल गटारात ओतलं की काका पुढ्यात हजर. "काहून ओतून राहिला? खाली माणसं ऱ्हातात." त्या लग्नातही आचाऱ्याला हेच ऐकवलं म्हणे, आणि नव्या धोतरानिशी खरकट्यासाठी खड्डा खणला. खाली म्हणजे कुठं, असं मी एकदा विचारलं, तर पाढा म्हणावा तसं म्हणून दाखवलं: कयाधू, पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी, समुद्र. काकांनी समुद्र पाहिलेला नाही. त्यांची धाव वारंगा फाट्यापर्यंत.

मशीन सुरू करून काकांनी तांड्यावरून ताजं शेण आणलं, गूळ घेतला आणि नवी लेकरं वाढवायला काढली. शेणात गूळ कालवायचं काम प्रमुखांकडे आलं. मी कोपरापर्यंत हात घालून कालवत होतो आणि काका गुठळ्या दाखवत होते. पण जंतू वाढायला दिवस लागतात, आणि गाव काही तोवर संडासला जायचं थांबत नाही. काळपट पाणी नदीकडे जातच होतं. काका डबा न उघडता त्या पाइपाच्या तोंडाशी बसून राहायचे.

धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, काका, समुद्र केवढा, आपली घाण केवढी. त्याला कळणारसुद्धा नाही.

"माझी पोरगी हाय तिथं," काका म्हणाले.

मग तुटक तुटक सांगितलं. रस्त्याच्या कामावर आलेल्या एका तेलुगू पोराशी तिनं लग्न केलं. गोदावरी समुद्राला मिळते तिथं त्याचं गाव. आता तो भावांच्या होडीवर मासे धरतो. ती निघाली तेव्हा काका रागात बोलून गेले होते, तिकडून फोन करू नको. त्याला आठ वर्षं झाली.

"माझीच लेक. शब्द पाळला तिनं."

तिचा नंबर मात्र खिशात होता, घडीवर फाटलेल्या कागदावर. मी लगेच माझा मोबाईल पुढं केला. काकांनी तो हळूच मागं सारला.

"असलं पाणी सोडून कोणत्या तोंडानं बोलू? आधी निवळ येऊ द्या."

त्या दिवसापासून मी नोकरीत पहिल्यांदाच वेळेवर यायला लागलो. केंद्रातल्या खोलीत जारासमोर आम्ही दोघं बसायचो. कधी गाळ वरच तरंगायचा, कधी पाणी गढूळ राहायचं, आणि काका जार विसळायचे. एका सकाळी मात्र गाळ शहाण्यासारखा खाली बसला. वरच्या पाण्यातून पलीकडचे काका दिसले. दाढीसुद्धा केली होती.

"लावा," ते म्हणाले.

पलीकडून बाईचा आवाज आला, काहीतरी तेलुगूत. काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "दर्याचं पाणी कसं हाय गं तिकडलं?"

पलीकडून बारीक आवाजात, मराठीत, "बाबा, जेवलात का?"

पुढचं नीट ऐकू येईना, म्हणून मी कान देत आणखी वाकलो. काकांनी फोन छातीशी दाबून धरला.

"सायेब, भाईर व्हा ना. काही समजतं का न्हाई तुमाला?"